एफी आत्याच्या सुया

ही गोष्ट खरी आहे.

पटली नाही तर सोडून द्या. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. जे झालं ते माझ्या घरात, माझ्या मांडीवर झालं. त्याचा वळ माझ्या डाव्या तर्जनीवर अजून आहे.

लोकांना वाटतं, असलं काही मध्यरात्रीच घडतं. हे घडलं भर दुपारी अडीच वाजता, गेल्या जुलैमध्ये. बाहेर लख्ख ऊन होतं. तरी कुंपणाच्या तारांवरचा बर्फ उतरला नव्हता, कारण आमच्याकडे, पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, जुलै म्हणजे ऐन थंडी. रॅनफर्ली गावापासून वीस मिनिटांवर एकटं घर आहे, मागे मेंढ्यांची कुरणं.

घर माझ्या आत्याचं. एफी आत्या.

आई लवकर गेली, वडील कामासाठी बाहेर, म्हणून मी आत्याकडे वाढले. आत्याचं विणकाम सगळ्या भागात नावाजलेलं. दरवर्षीच्या जत्रेत पहिलं बक्षीस तिचंच. तिच्या स्वेटरमध्ये चूक शोधायला परीक्षक चष्मा पुसून पुसून बघायचे, आणि हात हलवत परत जायचे.

मी नऊ वर्षांची असताना तिने मला शिकवायला घेतलं. लाल लोकर, वीस टाके, साधा मफलर. शिकाऊ माणसाला देतात तेच काम.

मी डावरी. माझे टाके वाकडे पडायचे.

रोज दुपारी अडीच वाजता, भांडी झाली की, आत्या माझा मफलर स्वयंपाकघराच्या खिडकीशी न्यायची. तेव्हा तिथे ऊन असायचं. ती बघायची. मग म्हणायची, "हं."

बस, तेवढंच.

मग सुई काढायची आणि दोरा ओढायची. टुक... टुक... टुक... माझा सगळा दिवस तिच्या हातात उसवून यायचा. उसवलेली लोकर नागमोडी होते. ती किटलीच्या वाफेवर धरून सरळ करायची. मग अंगठ्याभोवती गुंडाळून गुंडा करायची, मधोमध भोक असलेला. त्यात दोन सुया फुलीसारख्या खोचायची आणि टेबलावर ठेवायची.

"पुन्हा."

असं अकरा वेळा झालं. बाराव्यांदा मी सुया अंगणात भिरकावल्या आणि पुन्हा हात लावला नाही. मफलर कधी पुरा झालाच नाही. त्यामुळे मफलरचे टाके शेवटी बंद कसे करतात, हेही मी कधी शिकले नाही.

आत्या वारली, घर मला मिळालं. मी आणि माझा नवरा राविरी तिथे राहायला आलो.

राविरी मेंढ्या कातरायचा. दिवसाला तीनशे. गेल्या वर्षी मार्चमध्ये शेडमध्येच त्याची पाठ गेली. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे कातरकाम नाही. माझ्या पोटात तेव्हा तीन महिन्यांचं बाळ होतं.

राविरी घरी आला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

एप्रिल गेला. मे गेला. विचारलं तर "हो" किंवा "नको". जो माणूस शेडमध्ये सगळ्यांना हसवायचा, तो स्वतःच्या हातांकडे बघत पडून असायचा. मला रात्र रात्र झोप यायची नाही. बाळाला असा बाप मिळणार का, हाच विचार.

शेवटी कुरणापलीकडच्या मर्नाकाकूंनी त्याला उठवलं. दर बुधवारी संध्याकाळी त्या गावच्या हॉलमध्ये विणकाम शिकवतात.

"ऊठ रे," त्या म्हणाल्या. "पाठ गेलीय, बोटं नाही गेली. बाळाला टोपी कोण करणार? ही लोर्ना? हिला तर बटण लावता येत नाही."

तो गेला. साठ टाके घालायचे, सरळ विणत जायचं, वीतभर झालं की सगळे टाके एका दोऱ्यात ओवायचे आणि ओढायचे. वर चुणी पडते. बाजू शिवली की टोपी झाली. मर्नाकाकूंनी माझ्यासमोर त्याला तीनदा समजावलं.

शेडमधले गडी भेटायला आले आणि त्याच्या हातात सुया बघून पोट धरून हसले.

"काय राविरी, आयुष्यभर मेंढीच्या अंगावरून लोकर उतरवलीस, आता परत चढवतोस काय?"

"हो," राविरी म्हणाला. "तुझ्या टकलावर चढवणार आहे. डोकं मोजू दे."

तीन महिन्यांनी तो हसला होता. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

आता माझी चूक सांगते.

त्याला सुया मी दिल्या. आत्याच्या. कपाटातल्या पिशवीत होत्या, आणि त्यांवर तिचं शेवटचं काम होतं. करड्या लोकरीची अर्धी बाही. एकही टाका वाकडा नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. मेलेल्या बाईचं काम सुईवर राहिलं तर दुसऱ्या कुणीतरी ते पुरं करायचं. मगच त्या सुयांवर नवे टाके घालायचे. मला ही रीत माहीत होती.

मी ती बाही खिडकीशी नेली.

"हं," म्हणाले.

आणि ओढली. सगळी. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं.

राविरीच्या चार ओळी झाल्या होत्या. जेवून तो आडवा झाला, मी मागे कपडे वाळत घालत होते. परत आले तर टेबलावर...

गुंडा. मधोमध भोक. सुया फुलीसारख्या खोचलेल्या.

मला वाटलं, त्यानेच उसवलं. त्याला वाटलं, सुटलं असेल. त्याने पुन्हा साठ टाके घातले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गुंडा. मी लोकर हातात घेतली. सरळ होती. एक वळी नाही.

आणि दमट होती... कोमट.

तिसऱ्या दिवशी राविरीने माझ्याकडे नीट बघितलं.

"लोर्ना, तूच उसवतेस ना?"

"मी?"

"चुका आहेत, मान्य आहे. साठाचे सदुसष्ट होतात, कसे ते देव जाणे. पण तोंडावर सांग ना. मागून कशाला?"

काय सांगणार होते? माझी मेलेली आत्या येते म्हणून?

चौथ्यांदा गुंडा दिसला तेव्हा त्याने तो उचलून बघितला. सुया हळूच टेबलावर ठेवल्या.

"जाऊ दे, लोर्ना. या हातांनी आता काही व्हायचं नाही."

आणि तो जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला.

त्या दुपारी मी मर्नाकाकूंकडे गेले. त्यांनी चीज रोल गरम करून पुढे ठेवले. मी सगळं सांगितलं, बाहीसकट. त्यांचा कप हातातच राहिला.

"तू उसवलीस? एफीचं काम?"

"उसवलं. एकदाच. तिने माझं अकरा वेळा उसवलं."

"अगं, ती गेलेली बाई आहे. ती बाही मी विणून देते. तू फक्त माफी माग."

"नाही मागणार."

"लोर्ना, पोटुशी आहेस. हट्ट करू नकोस."

"काकू, मी नऊ वर्षांची होते तेव्हा माझी माफी कोणी मागितली?"

काकूंनी ताटली माझ्यापुढे सरकवली. त्यांनाही आत्या माहीत होती.

घरी येऊन मी राविरीच्या उशाशी बसले. म्हटलं, "एकदाच विण. या वेळी मी सांभाळते. उसवलं तर मला घराबाहेर काढ."

त्याने माझ्याकडे वळून बघितलं. मग उठला.

पुढचे आठ दिवस ती टोपी मी नजरेआड केली नाही. अडीचच्या सुमारास स्वयंपाकघरात आणलीच नाही. जेवताना मांडीवर, झोपताना उशीखाली.

पण रोज अडीच वाजता स्वयंपाकघरातून आवाज यायचा. खुर्ची सरकल्याचा. खिडकीशी कोणीतरी उभं राहिल्याचा...

मग बराच वेळ काहीच नाही. ती शोधत असावी.

नवव्या दिवशी, बुधवारी, टोपी वीतभर झाली. चौदाव्या ओळीत टाका गळून भोक पडलेलं, एक बाजू फुगलेली. फक्त दोरा ओवायचा राहिला होता. तो राविरी संध्याकाळी ओवणार होता. मर्नाकाकू त्याला घेऊन रॅनफर्लीला पाठीच्या व्यायामासाठी गेल्या.

मी घरात एकटी.

आणि मला राग आला. ही टोपी बाळाला याच घरात घालायची होती. मग काय, रोज अडीचला बाळाच्या डोक्यावरून काढून उशीखाली लपवू? घर माझं. बाळ माझं.

मी मुद्दाम चूल पेटवली नाही. कोळशाची राख सकाळीच काढून टाकली. किटली रिकामी करून उपडी घातली. अंगावर दोन घोंगड्या घेतल्या आणि टोपी मांडीवर घेऊन बरोब्बर आत्याच्या खुर्चीत बसले.

अडीच वाजले.

काहीच नाही.

दोन वाजून पस्तीस मिनिटं...

पाण्याला उकळी फुटायच्या आधी किटली जशी गुणगुणते, तसा आवाज आला. मी वळून बघितलं. किटली सुलटी होती. चुलीवर. नळीतून वाफ निघत होती.

चूल थंडगार होती.

खिडकीतलं ऊन माझ्या मांडीवरून गेलं. म्हणजे मध्ये कोणीतरी आलं.

मग माझ्या कानाशी, अगदी जवळ...

"हं."

बाळ पोटात गर्रकन वळलं.

सुई टाक्यांतून आपोआप सरकू लागली. बाहेर आली. फरशीवर पडून वाजली.

टुक...

टुक... टुक...

दोरा हवेत ताणला गेला होता. त्या टोकाला कोणी नव्हतं. ओळ माझ्या डोळ्यांदेखत उसवत होती.

मी दोरा पकडला. बोटाभोवती दोन वेढे दिले आणि ओढला. तिकडूनही ओढला गेला. लोकर बोटात रुतली, बोट जांभळं पडलं.

आणि पंचवीस वर्षं जे बोलले नव्हते ते बाहेर आलं.

"सोड! मी नऊ वर्षांची होते, आत्या! मला मफलर हवा होता, बक्षीस नको होतं! थंडी वाजायची मला! वाकडा तर वाकडा, घातला असता मी! तुझी बाही मी उसवली, हो, मीच! काय करायचं ते मला कर. या टोपीला हात लावायचा नाही!"

दोरा क्षणभर सैल पडला.

तेवढ्यात मी दातांनी तो तोडला. शिवणाची जाड सुई टेबलावरच होती. तुटलं टोक तिच्यात घातलं आणि एकेक टाका ओवायला लागले. उलटा, सुलटा, सापडेल तसा.

तेव्हा माझ्या हातांवर हात आले. थंड. कोरडे. बोटांची टोकं खरखरीत. ती बोटं माझी सुई गळलेल्या टाक्याकडे वळवत होती... त्या भोकाकडे. हळू, अगदी मायेनं वळवत होती. मला तेच सगळ्यात भयंकर वाटलं, कारण क्षणभर मी वळू दिली.

"नको," मी म्हणाले. "हात काढ. भोक राहणार."

हात निघाले नाहीत.

मी तशीच ओवत गेले, तिचे हात माझ्या हातांवर घेऊन. साठ. सदुसष्ट. शेवटचा टाका ओवला, दोरा ओढला, चुणी पडली. एक गाठ मारली. दोन. तीन.

टोपी वर धरली, खिडकीकडे.

"आता उसव."

किटलीचा आवाज थांबला. ऊन परत मांडीवर आलं.

राविरी आला तेव्हा मी तिथेच बसले होते. त्याने माझं बोट बघितलं. मग चुलीवर हात ठेवला. मग किटलीला लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"माझी चूक झाली, लोर्ना," एवढंच म्हणाला.

मग टोपी मुठीवर चढवून बघितली.

"हे भोक कशाला?"

"माझ्याकडे काय बघतोस? तूच पाडलंस."

तो हसला. खरोखरचा, शेडमधला. आता तो बुधवारी हॉलमध्ये दोन नव्या गड्यांना शिकवतो. शिव्या देऊन शिकवतो, पण कुणाचं उसवत नाही.

आमची लेक हुइया सप्टेंबरमध्ये झाली. तीच टोपी घालून घरी आली. टोपी पुन्हा कधी उसवली नाही.

पण दोनदा असं झालं, की हुइया झोपेतून उठली आणि टोपी दमट होती... कोमट. भोकाच्या कडा ओढून ओढून एकमेकींजवळ आणलेल्या. मी दोन्ही वेळा बोट घालून भोक मोठं केलं.

आता या वर्षीची थंडी सुरू झालीय. मी लाल लोकर आणलीय. वीस टाके, साधा मफलर. आत्याच्याच सुया, आत्याचीच खुर्ची. वाकडा झालाय, सहा ठिकाणी चुका आहेत, आणि तो माझ्या गुडघ्याखाली पोचलाय. टाके बंद कसे करायचे ते मर्नाकाकूंनी कालच शिकवलं. फक्त तेवढंच राहिलंय. उद्या बुधवार. अडीच वाजता, त्या खिडकीत बसून बंद करणार आहे.

भीती वाटते का?

वाटते. ती काय करेल ते मला माहीत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला तरी कुठे माहीत होतं?

हे लिहिता लिहिता स्वयंपाकघरात किटलीचं झाकण वाजलं. राविरी हुइयाला घेऊन बाहेर गेलाय. चूल पेटवलेली नाही.

खुर्ची सरकली...

एक दिवस आधीच आली.

येऊ दे. मी मफलर घेऊन आत जातेय.