हार कधी घातला?

"दोनशे बारा कीर्तनं, शारदाताई! एका तक्रारीत सगळी गप्प!"

सिंधीपुऱ्यातले दत्तात्रय गुरुजी धापा टाकत खुर्चीत टेकले. त्यांची बहीण मथुराबाई कीर्तनकार. गेल्या साली घशाचं ऑपरेशन झालं नि आवाज गेला. उरला तो गुरुजींनी इंटरनेटवर फुकट ठेवलेल्या चॅनलवर; चित्र नाही, नुसता आवाज. आता 'तापीनाद' नावानं कुणी कळवलं होतं की ही कीर्तनं आमची, चोरलेली आहेत. चॅनल बंद. सात दिवसांत तक्रार मागे घेतली नाही तर सगळं पुसणार. गुरुजींकडे दुसरी प्रत नव्हती.

"चौकशी न करताच बंद?" अरविंदनं विचारलं. तो शारदाताईचा मावसभाऊ. ती तपास करी, हा सोबत हिंडे नि हमखास भलत्यावर संशय घेई.

"चोर चोर ओरडणाऱ्याचं ऐकतात, भाऊ. गाणारीचं कोण ऐकतो?"

शारदाताईनं तक्रारीचा कागद वाचला. 'बाई गळ्यात हार घालून नमनाला उभ्या राहिल्या, तिथपासून आरतीपर्यंत आम्ही स्वतः रेकॉर्ड केलं.'

"कीर्तनाला मंदिरात येणाराच कोणी," ती म्हणाली. " चिडलंय कोण?"

गुरुजींनी तीन नावं सांगितली.

पेटीवाले नंदकुमार तडकले. "पेटी माझी, नाव बाईंचं! राग येणारच. पण पहिल्या सुरापासून मी त्यांच्या बाजूला बसलोय. तो आवाज मी मिटवीन?"

"हाच," अरविंद कुजबुजला.

लाउडस्पीकरवाला शालिग्राम हसला. "गुरुजी माझ्या मशीनवरून आवाज घ्यायचे, कधी चहा पाजला नाही! माझं काम चोख, ताई. सातला नमन. सव्वाआठला पूर्वरंग संपला की बाईंना बुक्का लावून हार घालायचे, तेवढा वेळ माईक बंद."

"आता हा वाटतो," अरविंद म्हणाला.

मोबाइल दुकानदार प्रकाशनं चहा मागवला. "छुपाना क्या, दीदी? मोबाइलच्या चिपांमध्ये कीर्तनं भरून विकतो. बहादरपूरचे केळीवाले नेतात. पण मी भक्त आदमी! साडेआठला शटर पाडलं की थेट मंदिर. एक कीर्तन चुकवलं नाही."

संध्याकाळी मथुराबाईंच्या घरी सगळे जमले. बाई पाटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"पूर्वरंगात गळा मोकळा असतो," शारदाताई म्हणाली. "हार पडतो मध्यंतरात. नंदकुमारांनी ते रोज शेजारून पाहिलं. शालिग्राम त्याच वेळी माईक बंद करायचा. नमनाला हार आहे असं कोण लिहील? ज्यानं बाईंना फक्त उत्तररंगात पाहिलंय तो. नमन त्यानं ऐकलं ते चॅनलवरून, चिप भरताना. आवाजात हार कुठला दिसायला?"

अरविंदनं कपाळाला हात लावला. साडेआठ!

प्रकाश खाली बघत राहिला. "लोक फुकट ऐकायला लागले, दीदी. चिप कोण घेईल?"

"म्हणून चोरानंच मालकाला चोर ठरवलं?"

त्यानं मोबाइल काढला नि तक्रार मागे घेतली. घटकाभरानं चॅनल उघडलं, आणि खोलीत मथुराबाईंचा आवाज घुमला. बाईंचे ओठ त्याबरोबर हलू लागले. गुरुजींनी डोळे पुसले.

प्रकाश पाया पडला. "बाई, चिपा सगळ्या तापीत फेकतो."

बाईंनी मान हलवली. पाटी ओढून लिहिलं, 'फेकू नको. वाट. फुकट.'