पडद्यांतली छिद्रं

दगडाची चकती घासायची तर घाई चालत नाही. कागदाहून पातळ झाली की तिच्यातून आरपार उजेड जातो. पण हात जरा जड पडला की चकतीच गायब, आणि सगळी मेहनत पाण्यात!

म्हणून तर संशोधन करणाऱ्या ताई घासकाकांच्या डोक्यावर येऊन उभ्या होत्या. संग्रहालयातले सगळे दगड काकाच कापत, काकाच घासत. नाव पडलं ते त्यावरूनच.

“ताई, तुमच्या श्वासानंच फुटेल हो ती,” काका म्हणाले. “जरा लांब व्हा!”

ताईंचा जीव टांगणीला लागला होता. चकती होती दगड झालेल्या एका स्पंजाची. कधीकाळी समुद्रात खडकांच्या रांगा उभारणारे, मग समूळ संपलेले हे स्पंज भिंतींच्या छिद्रांतून पाणी ओढून त्यातले कण गाळून खात. सांगाडा म्हणजे पेल्यात पेला, आणि दोन भिंतींमध्ये उभे पडदे. पडद्यांना छिद्रं असली तर जुनंच कुळ. नसली तर नवं कुळ, आणि ताईंचा चार वर्षांचा प्रबंध खरा! या जातीचा नमुना मात्र हा एकच.

सूक्ष्मदर्शकाखाली पडदे दिसले. अखंड, एक छिद्र नाही!

ताईंनी फोटो काढला आणि आईला फोन लावला. “आई, जमलं गं!”

“म्हणजे आता तरी वेळेवर जेवशील?”

हसत हसत त्या पुन्हा भिंगावर वाकल्या.

एका पडद्यात छिद्र होतं. गोल, नेटकं. त्याखाली दुसरं.

“काका, चकतीला हात लावलात?”

“दोन काचांमध्ये चिकटवलीय. हात घालू कुठून?”

तेवढ्यात तिसरं उमटलं.

काकांचं लक्ष मात्र ताटलीकडे होतं. उरलेला अर्धा दगड तिच्यात बुडवून ठेवला होता. भुकटीनं दुधासारखं झालेलं पाणी आता नितळ होतं.

“खाली बसली असेल भुकटी,” ताई म्हणाल्या.

“मग तळाला दिसायला नको?”

तळ स्वच्छ होता.

पहिला फोटो ताईंच्या हातात होता. तोच प्रबंधात लावला असता तर कोणाला कळणार होतं? काकांनीही मान वळवली. ताईंनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. मग लिहिलं: पडद्यांना छिद्रं आहेत. चार वर्षं एका ओळीत आटोपली.

त्यांनी मान वर केली. पंखा बंद होता, खिडकीही बंद.

काचेतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत नव्हती. ती सावकाश, एकाच दिशेनं, बाकीच्या स्पंजांच्या नमुन्यांच्या कपाटाकडे चालली होती, आणि खणांच्या फटींतून आत जात होती.