रेडिओत बोललेला हिरासिंग

रूपाबाईच्या तोंडाला काळं फासलेलं, गळ्यात चपलांची माळ. तांड्यात पाय ठेवताच पोलीस जमादार जळबाचं डोकंच सणकलं. आधी त्याने ती माळ ओढून फेकली.

"कोणी केलं हे?"

"हिरासिंगनंच सांगितलं, साहेब," तांड्याचा नायक उत्तमसिंग म्हणाला. "तिचा मेलेला नवरा. सकाळी रेडिओतून बोलला, रूपानं करणी करून मला खाल्लं, तिला हाकला. आता पंचायत बसून तिला घर, रान, विहीर समदं सोडायला लावणार."

शी! चांगली जाणती माणसं, अन् अक्कल पार गहाण टाकलेली.

"समद्या रेडिओंत बोलला?"

"नव्या एफएमवाल्यांत," शेजारची जिवनबाई म्हणाली. "माझ्या जुन्या रेडिओत एफएम न्हाई. तो गप व्हता."

"आवाज कसा?"

"घोगरा. अन् मागं खडखड, ड्रममंदी हळद फिरती तशी."

"आधी असं कधी आलं व्हतं?"

"व्हय की. हरिनाम सप्त्याला विजयकुमारनं नवा माईक आणला, तवा देवळातलं कीर्तन रेडिओत आलं व्हतं."

जळबा नायकाकडे वळला. "घरी कोणती बोली बोलता?"

"गोरमाटी."

"अन् भूत?"

नायकाचा चेहरा उतरला. "मराठी."

तांड्याला लागूनच विजयकुमारचं रान. हळद पॉलिश करायचा ड्रम तिथं खडखडत होता. जळबाने विजयकुमारच्या देखत कोठीतल्या पोत्यांमागून बिनवायरचा माईक काढला, बटण दाबलं आणि नुसता खोकला.

तांड्यातले रेडिओ खोकले.

माणसं धावत आली. "ह्यो माईक एफएमवरच चालतो," जळबा म्हणाला. "जवळच्या रेडिओत घुसतो, म्हणून तर कीर्तन आलं. सप्त्यापासून ह्यो याच्याकडंच हाय. खडखड याच्याच ड्रमची. अन् तांड्यातला माणूस मेल्यावर बायकोबद्दल मराठीत काहून बोलंल? याला गोरमाटी येतच न्हाई. रूपाबाई गेली की तिची विहीर याच्या घशात!"

विजयकुमार कसनुसा हसला. "मस्करी केली, साहेब. रूपामावशी, मनावर घेऊ नको."

"हरिनामाच्या माईकात हे ओकलास? थू!" जळबा मातीत थुंकला आणि त्याने त्याचं मनगट धरलं.

नायकाने तोंड धुवायला तांब्या पुढे केला. रूपाबाईने तो बाजूला सारला.

"याला माझी विहीर पायजे व्हती. तुमाला काय पायजे व्हतं, नायक? सकाळपासून आपल्या बोलीत वरडून राहिले, म्या काही केलं न्हाई. ते कोणालाच ऐकू आलं न्हाई."

अन् तसंच काळं तोंड घेऊन ती साऱ्या तांड्यातून, एकेका दारासमोरून, घरी गेली.