बाईंच्या जागेतली ओल

इमारतीमागच्या पडीक जागेत सगळ्यांनी मिळून भाजीपाला लावायचा, ही कल्पना माझ्या सासऱ्यांची. निवृत्तीनंतर त्यांना घर खायला उठायचं. राडारोडा उपसला, कुंपण घातलं, घरटी एक वाफा वाटून घेतला. सासऱ्यांचे टोमॅटो तर बघत राहावेत असे.

उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली आणि मळ्याचा पाइप बंद करावा लागला. सगळ्यांच्या रोपांनी माना टाकल्या. सासऱ्यांचा वाफा मात्र ओलाच. मी रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, कारण शोधायची मला खोडच आहे. जुना पाइप गळत असणार, असं मी म्हटलं. प्लंबरने खणून पाहिलं. खाली पाइपच नव्हता. ओल मात्र सरळ रेषेत थांबत होती आणि कोपऱ्यात काटकोनात वळत होती. एका खोलीएवढी.

सासूबाईंनी ते गच्चीवरून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. भाजी निवडताना त्यांनी हळूहळू सांगितलं. तिथे पूर्वी एका खोलीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहायच्या, एकट्या. इमारतीला ती जागा हवी होती, बाई हलेनात. मग भर उन्हाळ्यात सासऱ्यांनी त्यांचा नळ तोडायला लावला. बाई रिकामी बादली घेऊन दारोदार फिरल्या. पुढे त्या दिसेनाशा झाल्या. खोलीचं दार फोडलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

"आपल्या दारीही आल्या होत्या?" मी विचारलं.

सासूबाई देठं खुडत राहिल्या.

त्याच सुमारास सासऱ्यांची तहान सुरू झाली. तांब्यामागून तांबे रिचवायचे. साखर तपासली, मूत्रपिंडं तपासली, नमुने दुसरीकडेही पाठवले. सगळं ठीक. तरी ओठ फुटले, कातडी चुरगळल्या कागदासारखी झाली. प्यायलेलं पाणी घामावाटे जात नव्हतं, लघवीवाटेही नाही.

मी मळ्यात गेले, तर त्यांच्या वाफ्यात माझा पाय घोट्यापर्यंत रुतला.

"ती दारात उभी आहे," एका दुपारी सासरे म्हणाले. "बादली भरून दे तिला."

सासूबाईंनी बादली भरली, मळ्यात नेली, वाफ्यात ओतली. पाण्याचा थेंबही जिरला नाही. त्याचा ओघळ झाला आणि चढ चढून आमच्या पायरीपर्यंत परत आला.

चार दिवसांनी सासरे गेले. खांदा देणारे एकमेकांकडे बघत होते, इतके ते हलके झाले होते.

माणसं पांगल्यावर नवरा स्वयंपाकघरात उभा होता. नळ तोडला कोणी, असं मी त्याला विचारलं.

"बाबांनी सांगितलं होतं," तो म्हणाला. "पाना माझ्या हातात होता."

हातातला पेला त्याने एका दमात रिकामा केला आणि पुन्हा नळाखाली धरला.