तुसाच्या खोक्यातली खिचडी

शेगडी बंद होऊन दहा मिनिटं झाली होती, आणि आजोबा म्हणत होते की खिचडी शिजते आहे.

अकरा वर्षांच्या जाईने विजेच्या शेगडीवर हात ठेवून पाहिला. शेगडी कोमट होती. पातेलं तर तिच्यावर नव्हतंच. आजोबांनी ते झाकणासकट उचलून बियाण्याच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं होतं. खोक्याच्या तळाशी भाताचं तूस, चारी बाजूंनी दाबून भरलेलं तूस, वर तुसानेच भरलेली जाडजूड उशी आणि त्यावर खोक्याचं झाकण. एखाद्या पाहुण्याला गादीवर झोपवावं अशी त्या पातेल्याची बडदास्त होती.

"आजोबा, खाली आच नाही. मग ती शिजणार कशाने?" जाईने विचारलं.

"कशाने ते तू शोध. मी सांगितलं तर दुपारपर्यंत विसरशील," आजोबा म्हणाले. "दोन तासांनी उघडायचं. तोवर मी हवेच्या गाळण्या साफ करून येतो. आज आपल्या घराची पाळी आहे."

आजोबा टोपी घालून निघून गेले. आयुष्यभर उष्णताशास्त्र शिकवलेला हा माणूस, पण घरात मात्र कुठलंही उत्तर सरळ द्यायचा नाही. जाईला त्यांचा रागही यायचा आणि त्याशिवाय करमायचंही नाही.

हे सगळं घडत होतं मंगळावर, तांबडमाळ नावाच्या वसाहतीत. तिथे सहा दिवसांपासून धुळीचं वादळ चालू होतं. सौरपट्ट्यांवर (म्हणजे उन्हापासून वीज तयार करणाऱ्या तक्त्यांवर) धुळीचा थर बसला होता, आणि होती ती वीज श्वासाची हवा आणि ऊब यांनाच पुरत होती. घरटी दिवसाला आठ मिनिटं शेगडी, बस्स. काचघरात पिकलेले तांदूळ आणि मुगाची डाळ भरपूर होती, पण आठ मिनिटांत पाण्याला जेमतेम उकळी फुटायची. प्रेशर कुकर नेहमीच्या दिवसांत लागतच नसे, म्हणून इतकं जड भांडं पृथ्वीवरून कोणी आणलं नव्हतं. त्यामुळे सगळी वसाहत तयार जेवणाच्या पाकिटांवर होती. पाकिटातून राखाडी रंगाची लापशी पिळून काढायची आणि गिळायची.

मोठी माणसं नाक मुरडत गिळत होती. जाईचा भाऊ चिनू मात्र चार वर्षांचा होता, आणि त्याने ओठ घट्ट मिटून घेतले होते. दोन दिवस तो दोन-चार बिस्किटं आणि पाण्यावर होता. काल दुपारी खेळता खेळता तो जमिनीवरच आडवा झाला, तेव्हा जाईने धावत जाऊन त्याला उचलून घेतलं. आई आणि बाबा पट्ट्या साफ करणाऱ्या तुकडीबरोबर वीस किलोमीटरवरच्या तळावर अडकले होते. रोज संध्याकाळी एक मिनिट बोलता यायचं. काल आईने सगळ्यात आधी विचारलं, "चिनू जेवला का गं?" आणि जाई म्हणाली, "हो, जेवला."

खोटं बोललेलं तिला डाचत होतं. आज काही झालं तरी चिनूच्या पोटात गरम घास जायलाच हवा होता.

म्हणूनच सकाळी तिघांनी मिळून खिचडीचा घाट घातला होता. चिनूने डाळ-तांदूळ धुतले, म्हणजे अर्धे धुतले आणि अर्धे फरशीवर सांडले. जाईने ते तासभर भिजवले. हळद, मीठ, चिमूटभर हिंग. आठ मिनिटं पूर्ण होता होता पातेल्याला उकळी फुटली आणि पातेलं खोक्यात गेलं.

आता घरात दोघं भावंडं आणि बल्लव. बल्लव हा स्वयंपाकघरातला यंत्रमानव. कमरेपासून खाली चाकं, वर दोन लांब हात, आणि उजव्या हाताच्या एका बोटात तापमापी. त्याच्या पोटात हजारो पाककृती आणि झाडून सगळ्या मराठी म्हणी भरलेल्या होत्या. पाककृती ठीक होत्या. म्हणी कुठे वापराव्यात याचा त्याला पाचपोच नव्हता.

"वीज शून्य, म्हणून आच शून्य, म्हणून खिचडी शून्य," बल्लव म्हणाला. "खात्री करावी. शितावरून भाताची परीक्षा."

जाईला ते पटलं. आईसुद्धा भात झाला का ते बघायला एक शीत काढून बोटांनी दाबायचीच की. जाईने उशी बाजूला केली, झाकण उघडलं. वाफेचा भपकारा आला. शीत दाबून पाहिलं तर मधे टणक कणी. तिने सगळं पुन्हा नीट बंद केलं.

पंधरा मिनिटांनी चिनूला बघायचं होतं. मग बल्लवने पुन्हा आठवण करून दिली. मग जाईलाच राहवेना. दोन तासांत पातेलं सहा वेळा उघडलं गेलं, आणि प्रत्येक वेळी एकेक शीत दाबलं गेलं, बल्लवचं तापमापीचं बोटही आत बुडालं.

आजोबा आले तेव्हा खिचडी कोमट झाली होती आणि तांदूळ दाताखाली कचकचत होता. चिनूने एक घास तोंडात घेतला, जाईकडे पाहिलं आणि तो हळूच ताटलीत परत ठेवला. तो रडलाही नाही. रडला असता तर बरं, असं जाईला वाटलं.

आजोबांनी आपली ताटली भरून घेतली. "दात आहेत तोवर चालतंय," ते चावत चावत म्हणाले. "उघडू नका हे मी सांगायला हवं होतं. चूक माझी. पण आता बिघडलीच आहे तर तिच्याकडून काही शिकून घेऊ. बल्लव, प्रत्येक वेळी झाकण उघडल्यावर तापमान किती होतं?"

बल्लवने आकडे सांगितले. सत्त्याण्णव अंश, ब्याऐंशी, एकाहत्तर, बासष्ट, पंचावन्न, एकोणपन्नास.

जाईने ते आकडे भिंतीवरच्या फळ्यावर लिहिले आणि त्यांच्याकडे बघत बसली. पहिल्यांदा उघडलं तेव्हा सत्त्याण्णव. म्हणजे शेगडी बंद झाल्यावरही खिचडी जवळजवळ उकळत्या पाण्याइतकी तापलेली होती. तिला ते नवलच वाटलं.

"आजोबा, तांदूळ शिजायला किती अंश लागतात?"

"आता विचारलास खरा प्रश्न. तांदळात पिठूळ कण असतात, त्यांना स्टार्च म्हणतात. पाणी साधारण सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या वर गेलं की ते कण पाणी पिऊन फुगतात आणि मऊ होतात. त्यालाच आपण शिजणं म्हणतो. डाळीला जरा जास्त ऊब लागते आणि वेळही जास्त लागतो. पण ती ऊब त्याच क्षणी कुठल्या जाळातून येते आहे, याच्याशी त्या दाण्याला काही देणंघेणं नसतं."

"मग रोज आपण अर्धा अर्धा तास शेगडी का चालू ठेवतो?"

आजोबांनी उलट विचारलं, "बादलीला भोक असेल आणि ती भरलेली ठेवायची असेल, तर काय करशील?"

"नळ चालू ठेवीन."

"किंवा?"

"किंवा भोक बुजवीन," ती सावकाश म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. "म्हणजे शेगडी हा नळ. पातेल्यातून उष्णता गळत असते, म्हणून शेगडी ती भरत बसते. गळती बंद केली तर नळाचं कामच नाही."

"शंभर टक्के. आता मला सांग, गळते कुठून?"

दोघांनी मिळून भोकं शोधली. पहिलं, पातेलं थंड ओट्यावर ठेवलं की त्याचे तापलेले कण ओट्याच्या कणांना धक्के देत आपली ऊब देऊन टाकतात. हे उष्णतावहन (म्हणजे एकाला चिकटलेल्या दुसऱ्याकडे उष्णता सरकत जाणं). दुसरं, पातेल्याभोवतीची हवा तापते, हलकी होऊन वर जाते, आणि तिच्या जागी गार हवा येऊन पुन्हा ऊब घेऊन जाते. हे अभिसरण (म्हणजे हवेने किंवा पाण्याने फिरत फिरत उष्णता वाहून नेणं). तापलेली वस्तू किरणांच्या रूपानेही थोडी उष्णता बाहेर टाकत असते, पण ते भोक त्या मानाने लहान.

"तूस काय करतं?" आजोबांनी विचारलं.

जाईने मूठभर तूस हातात घेऊन फुंकर मारली. हलकं, पोकळ, होडीसारखं टरफल. "यांच्या मधे मधे हवा अडकते," ती म्हणाली. "अडकलेली हवा फिरू शकत नाही, म्हणून अभिसरण बंद. आणि वहन?"

"हवेतून वहन फार कमी होतं. तूस म्हणजे निम्मी हवाच. म्हणून ते उष्णतारोधक (म्हणजे उष्णतेची वाट अडवणारं). आणि सगळ्यात मोठं भोक?"

त्याचं उत्तर फळ्यावरच होतं. "झाकण," जाई म्हणाली. "आम्ही सहा वेळा उघडलं ते."

"पाण्याची वाफ होताना ती भरपूर उष्णता पोटात घेऊन निघते. तिला सुप्त उष्णता म्हणतात (सुप्त म्हणजे लपलेली, कारण तापमापीत ती दिसत नाही). एकेका शितापायी तुम्ही भपकाराभर उष्णता सोडून दिलीत."

"म्हण चुकीची आहे काय?" बल्लवने विचारलं. त्याच्या आवाजात काळजी होती, किंवा जाईला तसं वाटलं.

"म्हण बरोबर आहे रे बाबा. जाळावरच्या भाताची आहे. जाळ असला की उडालेली वाफ भरून निघते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ मिनिटं मिळाली. या वेळी जाईने तेवढीच खिचडी लहान पातेल्यात काठोकाठ भरली, कारण पातेल्यात रिकामी जागा कमी असली की ती सावकाश निवते. डाळ-तांदूळ रात्रीच भिजवून ठेवले होते. चिनूने उशीत आणखी तूस कोंबलं. खोकं बंद झालं.

आणि मग जाईची खरी परीक्षा सुरू झाली. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. आत काय चाललं असेल? ऊब गळून गेली असली तर? आजही कच्ची निघाली तर चिनूचा चौथा दिवस उपाशी जाणार. तिचा हात दोनदा झाकणाकडे गेला. आजोबा गाळण्या वाळवत बसले होते आणि मुद्दाम तिच्याकडे बघत नव्हते.

चिनूला थंडी वाजत होती, कारण वीज वाचवायला घरातली ऊबही कमी केली होती. आत गरम खिचडी आहे हे त्याला ठाऊक होतं. तो खोक्यापाशी गेला, दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली आणि गाल टेकवला. मग हिरमुसून म्हणाला, "ताई, गार आहे. खोकं गारच आहे."

जाई झाकणाकडे झेपावली. गेली वाटतं सगळी ऊब. ती झाकण उचलणार, इतक्यात तिचा हात थबकला. तिने खोक्याला सगळीकडून हात लावून पाहिला. बाजूंनी गार, वरून गार, तळाशीही गार.

"आजोबा," ती म्हणाली, "उष्णता गळत असती तर ती या भिंतींतूनच बाहेर आली असती ना? मग खोकं बाहेरून गरम लागलं असतं."

"मग?"

"पाऊण तासात भरलेलं पातेलं पुरतं निवणार नाही. मग हे गार आहे म्हणजे ऊब आतच आहे. न उघडताच कळलं."

आजोबांनी गाळणी खाली ठेवली. चाळीस वर्षं शिकवलं, पण इतकी सोपी तपासणी त्यांनाही कधी सुचली नव्हती, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं. जाईने हात मागे घेतला आणि चिनूला मांडीवर बसवून घेतलं.

दोन तासांनी तिने उशी काढली, झाकण उघडलं. वाफेने तिचा चेहरा ओला झाला. बल्लवने बोट बुडवलं. "ब्याऐंशी अंश," तो म्हणाला, आणि म्हण एकही सांगितली नाही. तांदूळ फुलले होते, डाळ विरघळून गेली होती, आणि तळाला कुठे लागलं-करपलं नव्हतं. करपवायला खाली जाळच नव्हता.

चिनूने पहिला घास जिभेवर बराच वेळ ठेवला. जाई श्वास रोखून बघत होती. मग त्याने तो गिळला आणि ताटली पुढे केली. "अजून," तो म्हणाला. तीनदा म्हणाला. जाईला एकदम रडू आलं, आणि आजोबांनी तिला रडू दिलं.

संध्याकाळी आईचा आवाज आला तेव्हा जाईने आधी खरं सांगून टाकलं. "आई, परवा चिनू जेवला नव्हता, कालही नाही. मी खोटं बोलले. आज मात्र पोटभर गरम खिचडी खाल्ली त्याने."

"तुझ्या आवाजावरून कळलं होतं गं मला," आई म्हणाली. "पण गरम? आठ मिनिटांत? इथेही डाळ-तांदूळ पडून आहेत, पण आम्ही आठवडाभर थंड पाकिटं पिळतो आहोत."

मिनिटातली चाळीस सेकंदं उरली होती. जाईने खोकं, उकळी, दोन तास हे सगळं भराभरा सांगितलं. "तूस नाही तुमच्याकडे? हवा अडकवून ठेवणारं काहीही चालेल. चुरगळलेले कागद, जुने कपडे, काहीही. आणि आई, आत काय झालं ते बघायला उघडायचं नाही. बाहेरून हात लावायचा. गार लागलं की समजायचं..." तिथे मिनिट संपलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या चार घरांनी खोकी भरली. जाई घरोघरी जाऊन उशा नीट बसल्या आहेत का ते पाहत होती, आणि भिजवलेले हरभरे असे शिजतील का, त्यांना किती तास लागतील, हे फळ्यावर मांडत होती. दुपारी काचेबाहेरचं तांबूस आभाळ किंचित उजळलं होतं. पण तिचं निम्मं लक्ष संध्याकाळकडे होतं.

संध्याकाळी आईने चिनूची चौकशी नंतर केली. आधी म्हणाली, "जाई, आम्ही नऊजण आज तुझ्या हातचं जेवलो."

"माझ्या हातचं कसं? शिजवलं तर तुम्ही."

"आम्ही नुसतं उकळलं आणि चार स्वेटरांत गुंडाळून ठेवलं," आई म्हणाली. "शिजवलं तूच."