तिघांसोबत चौथा

तीन तिघाडा, काम बिघाडा! भाऊसाहेब निगुडकरांनी जन्मभर झाशीला कारखान्यात इंजिनियर म्हणून नोकरी केली, भुताखेतांना हसले, पण तिघांनी मिळून प्रवासाला निघायचं नाही म्हणजे नाही. निघायचंच असेल तर एखादा खडा बरोबर घ्यायचा, म्हणजे चौघं झाले. लेक लखनौहून झाशीला यायला निघाली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

"चौथा घेतलास ना गं?"

त्या जानेवारीत अनुश्री विसरली. विसरेल नाही तर काय? ऐंशीच्या घरातले वडील न्हाणीघरात पडले, दोन तास तसेच पडून राहिले, आणि शेजाऱ्यांनी कळवलं तेव्हा हिला समजलं. आई गेली तेव्हाही ती वेळेवर पोचली नव्हती, ते शल्य होतंच. या खेपेला बाबांना लखनौला आणायचं, उचलून आणावं लागलं तरी, असं ठरवून ती नवरा केयूर आणि लेक स्वराली यांना घेऊन सकाळीच निघाली. पाच वर्षं म्हातारा एकच पालुपद लावून बसला होता, "मी कुठे येणार नाही."

दुपार झाली तरी धुकं हटेना. चिरगाँव मागे पडलं आणि बाबांचा फोन आला. अनुश्रीने जीभ चावली. "हो हो, घेतलाय," असं ठोकून दिलं आणि बेतवेच्या पुलाआधी केयूरला गाडी थांबवायला लावली.

नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर एक पिंपळ होता. बुंध्याशी मुठीएवढा काळा, गुळगुळीत खडा दिसला. ओलसर, जरा तेलकट. दोन-चार काळे तीळ चिकटलेले, भोवती गवताची काडी गुंडाळलेली. कुणी पुजलेला दिसतोय, म्हणजे शुभच की, असं तिला वाटलं. तिने तो मागच्या सीटवर स्वरालीच्या शेजारी ठेवला.

गाडी सुरू झाली आणि बेल्टची घंटी वाजू लागली.

"स्वराली, बेल्ट लाव."

"लगाया है, मम्मा... मेरा नहीं, साइड वाला बज रहा है."

"नव्या गाडीचे नखरे," केयूर हसला. पण घंटी काही थांबेना. मग वास आला, ओल्या लाकडाच्या धुराचा. काचा खाली केल्या तरी तो गाडीतच राहिला. अनुश्रीने मागे वळून पाहिलं. पोरगी दाराला चिकटून, पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"काय झालं गं?"

"कुछ नहीं..." स्वराली पुटपुटली. "जगह दे रही हूँ."

झाशीला पोचेपर्यंत घंटी वाजतच राहिली. भाऊसाहेब काठी टेकत फाटकाशी उभे होते. नातीचा हात धरून त्यांनी तिला उतरवलं आणि तो हात त्यांना बर्फासारखा गार लागला. मग सीटवरचा खडा दिसला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हा कुठून उचललास?"

तिने सांगितलं.

"अगं वेडे, जीवखडा आहे हा! माणसाला अग्नी दिला की दहा दिवस त्याचा जीव ह्यात असतो. दहाव्याला पिंड देतात, मग पाण्यात सोडतात. कुणाचा तरी बाप उचलून आणलास तू!"

बायका घाटावर जात नाहीत. आईच्या वेळीही अनुश्री घरातच बसून होती, तिला हे कोण सांगणार? ती ढसाढसा रडायला लागली. इकडे स्वरालीचे दात वाजत होते, ओठ निळे पडले होते. भाऊसाहेबांनी नातीकडे एकदा पाहिलं, गाडीत बसले आणि खडा मांडीवर घेतला. "चला, परत नेऊन ठेवू."

वाटेत ते खड्याशी हळूच काहीतरी बोलत होते. अनुश्रीला एवढंच ऐकू आलं, "पोरीला सोडा... मी आहे ना."

पिंपळापाशी त्यांनी कुणालाच उतरू दिलं नाही. पडल्यापासून दुखणारा पाय ओढत, काठी टेकत ते एकटेच धुक्यात शिरले. काठीचा आवाज थोडा वेळ आला, मग तोही बंद झाला.

"बाबा..."

अनुश्रीने काच खाली करून पुन्हा हाक मारली. केयूर उतरणार, इतक्यात मागून स्वराली म्हणाली, "मम्मा, भूख लगी है." तिच्या गालांवर रंग परत आला होता. आणि त्याच वेळी भाऊसाहेब धुक्यातून बाहेर आले. ताठ, भराभर पावलं टाकत. हातात काठी नव्हती.

"ठेवलात, बाबा?"

"ठेवला." ते आत बसले. गाडी झाशीकडे वळल्यावर म्हणाले, "मलाही तुमच्याबरोबर न्याल ना?"

देव पावला गं बाई! अनुश्रीला हसू की रडू असं झालं. पाच वर्षं ज्यांच्या हातापाया पडली, ते बाबा आज आपणहून विचारत होते. काठीचं विचारायचं तिला सुचलंच नाही. "आजच निघू, बाबा. कपडे घेऊ आणि निघू."

घरी पोचल्यावर तिने फाटक उघडलं, कुलूप काढलं, दिवा लावला. मागे वळून पाहते तो बाबा अजून बाहेरच उभे. भिंतीवरच्या नावाच्या पाटीवरून बोट फिरवत, अक्षर अक्षर लावत ते वाचत होते. भा... ऊ... साहेब...

"आत या ना, बाबा. गारठा आहे."

ते संकोचून दोन पावलं मागे सरले.

"नको ताई," ते अदबीने म्हणाले. "घरचे मालक अजून नदीवरच आहेत... त्यांना विचारल्याशिवाय आत कसं यायचं?"