रस्स्यातलं हाड

ऐन जेवणाच्या वेळी जिबेई बेटावरच्या खानावळीतून फोन आला. शार्कच्या रस्स्यात दगड निघाला होता आणि एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची दाढ तुटली होती.

तटरक्षक दलाच्या चुआंग यूहुआने तो दगड तळहातावर घेतला. अक्रोडाएवढा, शिंपल्यासारखा वळलेला, वजनाला मात्र शिशासारखा. मग तिने पातेल्यात डोकावलं. काळपट मांस, वर बोटभर पिवळी चरबी. तिने नाक दाबून झाकण ठेवलं.

"हा डॉल्फिन आहे. कुणी आणला?"

"माझ्या भावानं!" मालकीण येन श्यूफेंग झटक्यात म्हणाली. "डबाभर तुकडे आणले, शार्क म्हणाला. मी बापडी काय ओळखणार?"

भाऊ वेनचिन मान खाली घालून उभा होता. "हो, मीच. लिहा, सही करतो."

"डॉल्फिन मारल्याबद्दल तुरुंग आहे. होडीही जाईल."

"जाऊ दे."

यूहुआने कागद लिहून त्याच्यापुढे ठेवला. "सकाळच्या ओहोटीला समुद्रातल्या दगडी बांधात अडकलेले मासे काढायची पाळी कुणाची होती?"

गाल धरून बसलेला म्हातारा कण्हत म्हणाला, "श्यूफेंगची. हा वेनचिन तर माझ्याकडे जाळी विणत होता."

"पाळीचं काय घेऊन बसलात?" श्यूफेंग फणकारली.

"सांगते. शार्कला हाडच नसतं, नुसती मऊ कूर्चा. हे डॉल्फिनच्या कानाचं हाड. डॉल्फिनसारख्या दातवाल्या देवमाशांचे पूर्वज जमिनीवर चालायचे. पाण्यात आवाजावर शिकार करायची, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बदलत त्यांचा कान कवटीपासून सुटा झाला. नुसत्या तंतूंवर लटकतो. डोकं उकळलं की गळून तळाशी बसतो. कवटी तू फेकलीस, हे राहिलं."

"मग?"

"मग तुझ्या पातेल्यात तुकडे नव्हे, आख्खं डोकं शिजलं, बाई. टाळूवर श्वासाचं भोक, तोंडभर दात. जन्म मासे कापण्यात गेला, आणि तुला ते शार्कचं वाटलं?"

"अहो, बांधात अडकला होता! तसाही मेलाच असता—" श्यूफेंगने जीभ चावली.

"म्हणजे जिवंत होता."

म्हातारा उठून दाराबाहेर भडाभडा ओकला. यूहुआला मात्र आता पातेल्यापेक्षा त्या बाईचीच जास्त किळस येत होती.

"वेनचिन, कर ना सही," श्यूफेंग हळूच म्हणाली. "आईच्या माघारी तुला कुणी वाढवलं?"

वेनचिनने पेन उचलून कागदावर ठेवलं. मग कागद तिच्यासमोर सरकवला.

"तूच वाढवलंस, ताई. पण सही तुझी."